रेल्वेची जमीन, तुमचे गोदाम आणि घरपट्टी

प्रश्न : स्थानकालगतची रेल्वेची जमीन २० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेऊन गोदाम बांधले. महापालिकेने सहा वर्षांची थकीत घरपट्टी शास्तीसह (दंडासह) मागितली आहे. आता जप्तीची नोटीस आली. रेल्वेच्या मालमत्तेवर पालिका कर लावू शकत नाही, असा निकाल वाचला. तो मला लागू होईल का?

उत्तर : रेल्वेच्या जागेवर धंदा करणारे बरेच जण हेच विचारतात. निकाल खरा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८५ नुसार केंद्राच्या मालमत्तेवर पालिका कर लावू शकत नाही. १९७८ मध्ये बेळ्ळारी नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या बाजूने तेच सांगितले. पण ती सूट रेल्वेची, तुमची नव्हे.

तुमचे प्रकरण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १३९ वर अडते. जमीन एक वर्षाहून अधिक मुदतीने दिली असेल आणि तीवर भाडेकरूने बांधकाम केले असेल, तर घरपट्टी भाडेकरूकडून वसूल होते. तुमच्या बिलावर मालक म्हणून रेल्वे असली, तरी भोगवटादाराच्या रकान्यात तुमचेच नाव आहे. रेल्वेने बांधलेली शेड लायसन्सवर, म्हणजे भाडेपट्टा न करता केवळ वापराच्या परवानगीवर, मिळाली असती, तर युक्तिवादाला जागा होती. जमिनीपुरत्या कराबाबत भांडता येईल, पण कलमात जमीन आणि इमारत दोन्ही येतात. यश मिळेलच असे म्हणणार नाही.

खरा घात उशिराने झाला आहे. बिल मिळाल्यापासून १५ दिवसांत कलम ४०६ खाली अपील करायचे असते, तेही मागितलेली रक्कम पालिकेत जमा करून. तुम्ही सहा वर्षे बिले कपाटात ठेवलीत! शास्ती दरमहा २ टक्क्यांनी चढत गेली. आता उच्च न्यायालयात गेलात तर पहिला प्रश्न येईल, अपील का केले नाही? उत्तर तुमच्याकडे नाही, आणि रिट (उच्च न्यायालयातील याचिका) प्रलंबित असली म्हणून जप्ती आपोआप थांबत नाही.

म्हणून आधी करारनामा वाचा. कर कोणी भरायचा याचे कलम त्यात बहुधा असतेच. मग कर विभागात जाऊन थकबाकीचा वर्षवार उतारा मागा आणि हप्ते किंवा अभय योजनेबाबत (शास्तीत सवलत देणारी योजना) लेखी अर्ज देऊन पोच घ्या. मूळ कर हरकत राखून भरायला लागा. पुढचे बिल हाती पडेल त्या दिवशीच त्यावर तारीख लिहा आणि त्याच आठवड्यात वकिलाकडे न्या.