पावसाळ्यात कमलापूरला चाललास तर

जुलैत गडचिरोलीतल्या कमलापूरच्या हत्तीकॅम्पवर मदतीला जातोस म्हणतोस, तर गमबूट मापाचेच घे बाबू. माझा ढिला होता. तो चिखलात रुतून राहिला अन् मी नुसत्या मोज्यावर पुढं! नाल्याला पूर आला की रस्ता बंद, म्हणून सुट्टी दोन दिवस जास्तीची टाक. मच्छरदाणी हवीच, गडचिरोलीचा मलेरिया थट्टा नाही.

हत्तीजवळ महावताच्या मागंच राहा, छत्री फटकन उघडू नको. सोंडेसोबत फोटोची घाई तर नकोच. काम बहुतेक लीद उचलायचं. पण ती फोडून बघत जा. गवताचे लांब, न चावलेले धागे दिसले तर महावताला सांग. दाढा झिजल्या असतील. हत्तीला जन्मात दाढांचे 6च संच येतात.