वाचकांचे प्रश्न : रुग्णालयातल्या मुक्कामात छाती कशी सांभाळावी?

रुग्णालयात दाखल असताना होणाऱ्या छातीच्या संसर्गाबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरं मोठ्या माणसांपुरती आहेत. लहान मुलांचे आकडे आणि पद्धती वेगळ्या असतात.

प्रश्न : वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून दाखल केलं. ऑपरेशन नीट झालं आणि पाचव्या दिवशी न्यूमोनिया निघाला. शेजारच्या खाटेवरचे आजोबा सारखे खोकत होते. त्यांच्याकडूनच आला असेल ना?

तसं होऊ शकतं. फ्लूसारखे विषाणू वॉर्डात सहज पसरतात. पण दाखल झाल्यावर 48 तास उलटून गेल्यावर जो न्यूमोनिया सुरू होतो, त्याचं उगमस्थान बहुतेकदा रुग्णाच्या स्वतःच्या तोंडात असतं. झोपेत थोडीशी लाळ श्वासनलिकेत सगळ्यांच्याच उतरते. धडधाकट माणसाचं त्याने काही बिघडत नाही, कारण लाळेतले जंतू नेहमीचे असतात, खोकला जोरकस असतो आणि फुप्फुसं पूर्ण फुगत असतात.

खाटेला खिळलेल्या माणसाच्या या तिन्ही गोष्टी एकदम बिघडतात. आजारपणात, त्यातही अँटिबायोटिक चालू असताना, तोंडातले जंतू काही दिवसांतच बदलतात आणि दातांवरच्या किटणात रुग्णालयातले चिवट जंतू ठाण मांडतात. वेदनाशामक आणि गुंगीच्या औषधांनी खोकल्याची उबळ मंदावते. उताणं पडून राहिल्यामुळे फुप्फुसांचा पाठीकडचा भाग दबलेला राहतो आणि कफ तिथेच साचतो. तेव्हा आजोबांना बोल लावण्याआधी एक विचारायला हवं : त्या पाच दिवसांत वडिलांचा टूथब्रश कुठे होता? रुग्णासाठी भरलेल्या पिशवीत फाइल, चार्जर, टॉवेल असं सगळं असतं, ब्रश मात्र घरी राहिलेला असतो.

प्रश्न : सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आहे. सिस्टर कापसाच्या बोळ्याने तोंड पुसतात, माउथवॉशही दिला आहे. एवढं पुरेसं नाही का?

पुसल्याने तोंड ओलं राहतं, पण किटण निघत नाही. ते ब्रशच्या घासण्यानेच सुटतं. सिस्टरना विचारून तुम्हीही हे करू शकता.

आधी खाटेची डोक्याकडची बाजू वर घ्या आणि त्यांचं तोंड एका कुशीकडे वळवा, म्हणजे पाणी घशात न जाता गालात जमेल. लहान डोक्याचा मऊ ब्रश घ्या, मुलांचा उत्तम चालतो. तो पाण्यात बुडवून झटका, टपकता कामा नये. गिळायला त्रास असेल तर पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच आणि शक्यतो फेस न होणारी. नुसत्या ओल्या ब्रशनेही काम भागतं. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका टेकवून दातांच्या बाहेरच्या, आतल्या आणि चावण्याच्या बाजू घासा, मग जीभ. लाळ आणि फेस लगोलग सक्शनने ओढून घ्यावा किंवा बोटाला गुंडाळलेल्या गॉजने पुढून टिपावा. गॉजचं बोट दातांच्या मध्ये मात्र घालू नका. अर्धवट शुद्धीतला रुग्ण इतक्या जोरात चावतो की बोट सुटत नाही.

अर्धांगवायूत लुळ्या बाजूच्या गालाकडे खास लक्ष द्या. त्या खोबणीत घास, गोळीचे तुकडे तासन्‌तास पडून राहतात आणि रुग्णाला कळतही नाही. प्रत्येक खाण्यानंतर टॉर्चचा उजेड टाकून ती जागा बघा. ब्रश दिवसातून दोनदा तरी व्हायला हवा आणि रात्रीचा चुकवू नये, कारण लाळ खाली उतरण्याचा धोका झोपेत जास्त. कवळी असेल तर रात्री काढा, ब्रशने घासा आणि स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवा. कवळी घालून झोपणं ज्येष्ठांच्या छातीला महागात पडतं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा प्लेटलेट कमी असतील तर किती जोर लावायचा ते आधी विचारून घ्या.

माउथवॉशबद्दल : व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने तोंड धुण्याची पद्धत अनेक वर्षं होती. 2022 मध्ये अमेरिकेतल्या संसर्ग-नियंत्रण तज्ज्ञांनी सुधारलेल्या शिफारशींत ती मागे घेतली, कारण फायदा पक्का दिसत नव्हता आणि मृत्यूचं प्रमाण वाढत असावं अशी शंका होती. त्याच शिफारशींत दात घासणं आवश्यक ठरवलं गेलं, तेही क्लोरहेक्सिडीनशिवाय. डॉक्टरांनी विशिष्ट कारणासाठी ते दिलं असेल तर परस्पर बंद करू नका. मात्र माउथवॉश दिला म्हणून ब्रश टाळू नका.

प्रश्न : खाट 30 अंश वर ठेवा असं सांगतात. हे अंश मोजायचे कसे? आणि आई सारखी खाली घसरते.

अनेक खाटांच्या कठड्यावर अंशांची खूण असते. ती नसेल तर खाटेचा पाठीचा उचलला जाणारा भाग मोजा. त्याच्या लांबीच्या निम्म्याने वरचं टोक उचललं की झाले 30 अंश. तो भाग 70 सेंमी असेल, तर टोक आडव्या पातळीपासून 35 सेंमी वर हवं. 45 अंशांसाठी साधारण 50 सेंमी. नुसत्या अंदाजाने उचललेली खाट बहुतेक वेळा कमीच उचललेली असते. डोळ्याला 15-20 अंशही पुष्कळ वाटतात.

घसरण्याचं कारण क्रमात असतं. आधी गुडघ्यांखालचा भाग थोडा वर घ्या आणि मगच पाठ उचला. खाट जिथे मोडते तिथेच कंबर आली पाहिजे. माणूस खाली सरकलेला असताना पाठ उचलली, तर छाती पुढे दुमडते आणि पोट वर दाबलं जातं, म्हणजे श्वासासाठी ही स्थिती सपाट झोपण्याहून वाईट. घसरताना माकडहाडाची कातडीही ओढली जाते आणि तिथे जखम होते. म्हणून वर ओढताना काखेत हात घालून खेचू नका, दोघांनी मिळून अंगाखालच्या चादरीने उचलून सरकवा. मणक्याची दुखापत, खूप कमी झालेला रक्तदाब, काही ऑपरेशनं यांत खाट उचलायची नसते, ते डॉक्टर सांगतील.

प्रश्न : पाणी पाजलं की बाबांना ठसका लागतो, पण भात-वरण नीट खातात. काळजी करावी का?

करावी. पाणी पातळ असल्यामुळे घशातून झपाट्याने उतरतं आणि कमजोर गिळण्याला ते सांभाळता येत नाही. ठसका, पाण्यानंतर आवाज ओलसर किंवा घोगरा होणं, एका घोटासाठी दोन-तीनदा गिळावं लागणं, जेवताना धाप लागणं यांपैकी काहीही दिसलं तर तोंडाने देणं थांबवा आणि गिळण्याची तपासणी करायला सांगा. ठसका न लागता पाणी श्वासनलिकेत जाण्याचा प्रकारही असतो, आणि तो जास्त फसवा.

तपासणीनंतर परवानगी मिळाली की पूर्ण ताठ बसवून द्या, शक्यतो खुर्चीत. एका वेळी एक चमचा, आधीचा गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा. झोपाळलेल्या माणसाला ‘दोन घास तरी’ म्हणून भरवू नका. जेवल्यावर निदान अर्धा तास बसतं ठेवा. पेय दाट करायला सांगितलं असेल तर किती दाट तेही विचारून घ्या.

नाकातून नळी असली म्हणजे धोका टळला असं नाही. पोटातलं वर येऊ शकतं आणि तोंडातली लाळ तर असतेच. नाकपुडीपाशी नळीवर जी खूण किंवा आकडा आहे, तो प्रत्येक वेळी तोच आहे ना ते पाहा. जोराच्या उलटीनंतर किंवा खोकल्यानंतर खूण सरकलेली दिसली तर काहीही घालू नका, सिस्टरना बोलवा. हवा मारून पोटावर स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याची जुनी पद्धत भरवशाची नाही, नळी चुकून फुप्फुसात असली तरी आवाज येतो. नळीतून ओढलेल्या द्रवाचा पीएच 5.5 किंवा त्याहून कमी असणं, किंवा एक्स-रे, यांवर खात्री करतात. अन्न दट्ट्या दाबून ढकलू नका, सिरिंजच्या नुसत्या नळकांड्यातून आपोआप उतरू द्या. 200 मिली उतरायला साधारण 20 मिनिटं लागू द्यावीत.

प्रश्न : तीन चेंडूंचं व्यायामाचं यंत्र दिलं आहे. फुंकून चेंडू वर जातच नाहीत.

जाणार नाहीत, कारण ते फुंकायचं नसतंच, ओढायचं असतं. ताठ बसा, श्वास सावकाश बाहेर सोडा, तोंडातला भाग ओठांनी घट्ट धरा आणि हवा हळूहळू आत ओढा. नेहमीच्या यंत्रात तीन कप्प्यांवर 600, 900 आणि 1200 असे आकडे असतात. तो हवा ओढण्याचा वेग आहे, सेकंदाला इतके मिली. झटक्यात तिसरा चेंडू उडवण्यात काही मिळत नाही. पहिला चेंडू तीन-चार सेकंद वर तरंगत ठेवला तर फुप्फुसं खऱ्या अर्थाने भरतात. मग तीन ते पाच सेकंद श्वास रोखा आणि सोडा. जागेपणी दर तासाला असे दहा. सलग घेतले तर चक्कर येते, मध्ये थांबा. शेवटी पोटावरच्या किंवा छातीवरच्या टाक्यांवर उशी घट्ट दाबून दोनदा जोराने खोका. दुखण्यामुळे हे जमत नसेल तर वेदनाशामकाची वेळ जुळवून घ्यायला सांगा.

आमचं स्पष्ट मत सांगायचं तर नुसत्या यंत्राच्या परिणामाबद्दलचा पुरावा कमजोर आहे. डॉक्टरांनी परवानगी दिल्याक्षणी खुर्चीत बसणं आणि चार पावलं चालणं यांची बरोबरी तीन चेंडू करू शकत नाहीत.

प्रश्न : ऑक्सिजनच्या बाटलीत आणि नेब्युलायझरमध्ये नळाचं पाणी चालतं का?

दोन्हीकडे नाही. नळाच्या पाण्यात स्युडोमोनास, लिजिओनेलासारखे जंतू असू शकतात. ते पाणी पोटात गेलं तर सहसा काही होत नाही, पण तुषार होऊन फुप्फुसात गेलं तर होतं. ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या या बाटलीत निर्जंतुक पाणीच हवं. पातळी खाली गेली की वरून भर घालायची नाही. उरलेलं ओतून द्यायचं आणि रुग्णालयाच्या नियमाप्रमाणे बाटली बदलून किंवा स्वच्छ करून पुन्हा भरायची. नाकातल्या नळीने मिनिटाला 4 लिटरपर्यंत ऑक्सिजन चालू असेल तर बाटलीची बहुधा गरजच नसते.

नेब्युलायझरच्या कपात उरलेलं औषध प्रत्येक वेळी फेकून द्या, भाग सुटे करून निर्जंतुक पाण्याने विसळा आणि स्वच्छ कागदावर उघडे वाळवा. ओला कप पिशवीत बंद करून ठेवणं म्हणजे जंतूंना विरजण लावणं. हवेची नळी धुवायची नाही. तिच्यात ओल दिसली तर कप काढून यंत्र दोन मिनिटं नुसतं चालवा. एकाचा कप दुसऱ्याला कधीही नाही. स्टेरॉइडचं औषध असेल तर नंतर चूळ भरायला द्या.

प्रश्न : मी नर्सिंगची विद्यार्थिनी आहे. हातमोजे घातले असतील तरी हात धुवावेच लागतात का?

हो, घालण्याआधी आणि काढल्यानंतरही. मोज्यांना बारीक छिद्रं असू शकतात आणि काढताना हात हमखास माखतात. खरी गडबड होते ती एकच जोडी घालून सक्शन, मग मॉनिटरचं बटण, मग शेजारची खाट असा प्रवास केल्याने. मोज्यांमुळे आपले हात स्वच्छ राहतात खरे, पण पुढच्या रुग्णाच्या वाट्याला आधीच्याचा कफ येतो. अल्कोहोलचा द्रव तळव्यात मावेल तेवढा घ्या आणि 20 ते 30 सेकंद, पूर्ण वाळेपर्यंत चोळा. अंगठे आणि बोटांची टोकं हमखास सुटतात. हात मळलेले दिसत असतील किंवा वॉर्डात जुलाबाची साथ असेल तर साबण-पाणीच, 40 ते 60 सेकंद.

प्रश्न : भेटायला येणाऱ्याला किरकोळ सर्दी असेल तर मास्क लावून येऊ द्यावं का?

फोनवर बोलू द्यावं. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस संसर्ग देऊ शकतो आणि किरकोळ सर्दी नेमकी कशाची आहे हे बघून कळत नाही. येणं अगदीच अटळ असेल तर मास्क पाहुण्याने नाक झाकून लावायचा.

प्रश्न : न्यूमोनिया होऊच नये म्हणून आधीपासून अँटिबायोटिक घ्यावं का?

सरसकट नाही. तोंडातले साधे जंतू मरतात आणि त्यांच्या जागी औषधाला न जुमानणारे वाढतात. पित्ताच्या गोळ्यांचंही तेच : खरंच गरज आहे का, हे रोजच्या राउंडला विचारा. ऑपरेशन ठरलेलं असेल तर फ्लूची आणि न्यूमोकोकसची लस आधी घेता येईल का ते विचारा आणि धूम्रपान निदान चार आठवडे आधी बंद करा.

प्रश्न : छातीत बिघाड होतोय हे आम्हा नातेवाइकांना लवकर कसं ओळखता येईल?

वयस्कर माणसाला ताप किंवा खोकला येईलच असं नाही. अचानक असंबद्ध बोलणं, सुस्ती, जेवण नकोसं होणं हीच पहिली चिन्हं असू शकतात. ऑक्सिजनचा आकडा घसरण्याआधी बऱ्याचदा श्वासाची गती वाढते, म्हणून ती मोजा. रुग्ण शांत असताना नाडी बघतोय असं भासवून मनगट धरा आणि छाती किती वेळा वर होते ते पूर्ण 60 सेकंद मोजा. श्वास मोजतोय हे कळलं की माणूस नकळत वेगळा श्वास घेतो. विसाव्यात 12 ते 20 ठीक, 21 किंवा जास्त झाले तर सिस्टरना सांगा, 25 किंवा जास्त असतील तर तातडीने डॉक्टरांना बोलवायला लावा. ‘बाबांना जरा धाप लागतेय’ असं न सांगता ‘सकाळी 18 होते, आता 26 आहेत’ असं सांगा.