नूडल्स परतताना त्यांचा लगदा का होतो?
चौघांसाठी नूडल्स करायला घेतल्या की लगदा होतो, असं तुम्ही म्हणता. दोष बहुधा उकडण्यात आहे. पाकिटावर दिलेल्या वेळेच्या मिनिटभर आधीच उतरवा. एक नूडल तोडून पाहिली तर मध्ये बारीकसा पांढरा ठिपका दिसायला हवा. लगेच गार पाण्याखाली धुवा, नीट निथळा आणि चमचाभर तेल चोळून ठेवा. धुतल्याने वरचा स्टार्च निघून जातो, म्हणून त्या एकमेकींना चिकटत नाहीत.

दुसरी चूक म्हणजे कढई गच्च भरणं. मग भाज्या परतल्या जात नाहीत, वाफेवर शिजतात, पाणी सोडतात. त्यापेक्षा मोठ्या आचेवर दोन खेपांत करा. गाजरासारखं कडक आधी, पातीचा कांदा अगदी शेवटी. बाकी भाजी कुठलीही चालते, फ्रिजमधलं उरलंसुरलं खपवायला याहून सोयीचं काही नाही! अंडं किंवा चिकन वेगळं परतून बाजूला काढा, शेवटी मिसळा.

सॉस आधीच वाटीत कालवून ठेवा: 3 चमचे सोया सॉस, 1 चमचा व्हिनेगर, अर्धा चमचा साखर. सोया सॉस खारट असतो, मीठ चाखूनच घाला. मुलं तिखट खात नसतील तर चिली सॉस ज्याने त्याने ताटात घ्यावा.