बाहेर नेलं की मुलं उधळतात

"मॅडम, झाडाखाली वर्ग ऐकायला छान वाटतं. पण बाहेर नेलं की मुलं उधळतात आणि पोर्शन तसाच राहतो." प्राथमिकच्या शिक्षकांकडून हे गाऱ्हाणं मी सारखं ऐकते. त्यातल्याच एका बाईंची ही गोष्ट, ओळख पटणार नाही इतपत बदलून.

बाईंकडे दुसरीचा वर्ग, पटांगणात जुनी चिंच. सुरुवातीला त्या फक्त मुलांबद्दल बोलायच्या. एकदा मी विचारलं, "बाहेर नेल्यावर मुलांना नेमकं काय सांगता?"

"ओळीत बसा, पुस्तक उघडा."

"आणि ती?"

"खारीकडे बघत बसतात हो!"

"मग बघायचंच काम द्या की."

बाई गप्प झाल्या. मीही घाई केली नाही. मग हळूच म्हणाल्या, "तपासणीला साहेब आले आणि मुलं इकडेतिकडे दिसली तर?"

खरी गाठ इथं होती. वर्ग हातात नाही असं दिसेल, याची धास्ती. ही धास्ती बोलून दाखवली नाही तर कुठलाही उपक्रम आठवडाभरात गळतो, हे मी अनुभवानं सांगते.

पुढच्या भेटीत बाई बसायच्या आधीच बोलू लागल्या. चिंचेची डहाळी तोडून त्यांनी प्रत्येकाला एकेक पान दिलं होतं. चिंचेच्या पानाला बारीक पर्णिका, म्हणजे छोटी छोटी उपपानं, समोरासमोर, जोडीनं येतात. साधारण 10 ते 20 जोड्या. एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, "बाई, माझ्यात चौदा जोड्या, म्हणजे अठ्ठावीस!" शेजारणीची एक पर्णिका गळलेली, तिची सत्तावीसच भरली. त्यावरून भांडण झालं आणि सम-विषम तिथंच शिकवून झालं.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती. मूल ज्यात रमलंय तिथूनच धडा सुरू करायचा, हे मी त्यांच्याकडून घेतलं.

तुम्हालाही करायचं असेल तर वर्षभर एकच झाड धरा. निघण्यापूर्वी काम सांगा, तेही एकच: बुंध्याचा घेर आधी वितींनी, मग सुतळीनं मोजा आणि सुतळी मीटरपट्टीवर धरा. हद्द आखून द्या. वीस मिनिटं पुरेत. परत येऊन वहीत तारीख घालून लिहायचं, चित्र काढायचं. साहेब आले तर तीच वही पुढे करा, आणि बोलायचं काम मुलांवर सोडा.