साखरेत घोळवलेल्या क्रॅनबेरी पहिल्यांदा करताना

गोड पदार्थांच्या सजावटीसाठी तुम्ही क्रॅनबेरी (लहान, लाल, आंबट फळे) निवडल्या, हे उत्तम केले. साल जाड असल्यामुळे त्या आकार टिकवतात आणि त्यांचा आंबटपणा साखरेखाली दबून जात नाही. फळे ताजी व टणक घ्या. गोठवलेली फळे वितळताना पाणी सोडून मऊ पडतात, म्हणून सुरुवातीला ती टाळा.

१ कप पाण्यात १ कप साखर पूर्ण विरघळेपर्यंतच तापवा, गॅस बंद करा, ५ मिनिटे थांबा आणि मगच २ कप फळे पाकात घाला. घाईने उकळत्या पाकात फळे टाकणे ही जवळजवळ प्रत्येकाची पहिली चूक असते. क्रॅनबेरीच्या आत हवेचे कप्पे असतात, ती हवा तापून फुगते, साल फुटते आणि हाती मुरंबा येतो (चवीला तो छानच लागतो, पण सजावटीला चालत नाही).

खरा संयम लागतो तो यानंतर. १० मिनिटांनी फळे निथळून जाळीवर सुटी पसरा आणि साधारण तासभर वाळू द्या. ती बोटाला चिकट लागावीत, ओली नव्हेत. मग ती साखरेत घोळवा, तेव्हा एवढे लक्षात ठेवा:

- ओल्या फळांवर साखर विरघळते, अगदी कोरड्या फळांना ती धरत नाही.
- पिठीसाखर नको, बारीक दाणेदार साखर घ्या.
- एका वेळी मूठभरच फळे घोळवा.

झाकणबंद डब्यात दमटपणा धरून साखरेला पाणी सुटते, म्हणून फळे शक्यतो त्याच दिवशी वापरा. मसाल्यांचे पाक आणि तापमापक यांचा विचार तूर्त करू नका.