झिगझॅग आणि नागमोडी एकच का?

कळव्याच्या एका ताईंनी विचारलंय: ब्लाउज शिवायला टाकला की शिंपी म्हणतो, 'आतून झिगझॅग मारून देतो.' मुलाच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशात मात्र त्याच शब्दापुढे 'नागमोडी' असा अर्थ दिलाय. मग शिलाईत हा नाग कुठून आला? आणि हा शब्द क्रियापद म्हणून चालतो का?

ताई, तुमच्या शिंप्याचं बरोबर आहे. शब्दकोशाचंही अगदीच चूक नाही, पण त्याने कोपरे गाळलेत, आणि या शब्दाचा सगळा जीव कोपऱ्यांत आहे. रेघ सरळ जाते, एकदम तिरकी वळते, थोडं जाऊन पुन्हा उलट बाजूला तिरकी वळते. मशीनची सुई एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पडते आणि प्रत्येक वेळी धागा टोकाशी मुडपतो. त्याने कापडाची कड धरून ठेवली जाते, सुतं निघत नाहीत. साप काही असा कोन करून वळत नाही, त्याचं वळण गोलाईचं.

फरक रुळांवर छान दिसतो. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. ती डोंगराला वळसे घेत घेत चढते, तो मार्ग नागमोडी. बोरघाटाचं वेगळं होतं. १८६३ साली तिथून रेल्वे सुरू झाली तेव्हा खंडाळ्याच्या अलीकडे कड्यावर गोल वळण बसवण्याइतकी जागाच मिळेना. म्हणून रिव्हर्सिंग स्टेशन काढलं. गाडी एका फाट्यात शिरून थांबायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि मग गाडी उलट तोंडाने पुढचा चढ चढायची. १९२९ मध्ये मार्ग बदलला आणि हा खटाटोप संपला. आपल्या कसाऱ्याच्या थळ घाटातही असंच स्टेशन होतं. रेल्वेवाले अशा चढणीला झिगझॅगच म्हणतात. एकच कोपरा असेल तर अर्धा झिगझॅग म्हणा हवं तर!

शब्दाचं मूळ फ्रेंच-जर्मन आहे. जर्मनमध्ये 'त्सिकत्साक', आणि त्यामागे बहुधा 'त्साके' म्हणजे दात, टोक. १७०३ च्या सुमारास जर्मनमध्ये तो किल्ल्याच्या वेढ्यासंदर्भात येतो. तटाकडे सरकताना खंदक सरळ खणला तर वरून एकाच माऱ्यात आतली सगळी रांग टिपता येते, म्हणून तो कोन करत करत खणायचे. इंग्रजीत १७१२ मध्ये आला तो मात्र बागेतल्या पायवाटांसाठी. लढाईतून बागेत आणि बागेतून शिलाई मशीनवर, शब्दांचा प्रवास असाच असतो. शब्दाच्या घडणीतही गंमत आहे: आधी 'इ', मग 'अ‍ॅ', मधलं बाकी सगळं तेच. आपल्या 'खाडाखोड'मध्ये स्वर असाच पालटतो.

मराठीत याला नेमका शब्द नाही असं लोक म्हणतात, ते मला पटत नाही. आकारासाठी 'करवती' आहे. विदर्भातल्या टसरच्या करवतकाठी साडीचा काठ बघा, करवतीच्या दातांसारखा. पानाच्या कडेला 'दातेरी' म्हणतो. वाटेसाठी मात्र अडचण होते. 'वेडीवाकडी' म्हटलं की शिस्त जाते, आणि झिगझॅगला शिस्त असते. 'नागमोडी'त कोन जातात. म्हणून विजेच्या डीपीवरच्या पाटीतली ती लाल वीज मी नागमोडी म्हणणार नाही. फुटपाथवर ज्या दातेरी कडांचे पेव्हर ब्लॉक एकमेकांत अडकवतात, त्यांना दुकानदार 'झिगझॅग ब्लॉक' म्हणतात. तिथे शब्द बदलायची गरज मला दिसत नाही.

शेवरॉन हा याचाच सख्खा भाऊ. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ छपराचा वासा. दोन वासे वर टेकवले की जो आकार होतो, तो एक शेवरॉन. पोलीस हवालदाराच्या बाहीवरच्या फिती आणि धोक्याच्या वळणावरच्या बाणांच्या पाट्या, दोन्ही शेवरॉन. ते एका ओळीत एकमेकांना जोडत गेलं की झिगझॅग तयार होतो.

आता क्रियापद. इंग्रजीत चालतं: 'द पाथ झिगझॅग्ज अप द हिल'. भूतकाळ लिहिताना शेवटचा 'जी' दोनदा येतो, हे मुलाला सांगा. मराठीत 'झिगझॅगणे' कुणी म्हणत नाही. शिंपी झिगझॅग 'मारतो', वाट झिगझॅग 'जाते', आणि घोडबंदर रोडवर गाड्या तुंबल्या की बाइकवाला झिगझॅग 'काढतो'. उच्चाराचं म्हणाल तर 'झाड'मधला झ इंग्रजीच्या जास्त जवळ आहे. आपली जीभ मात्र पुढे 'इ' आल्याने 'झिम्मा'सारखा तालव्य झ काढते. दुकानात कुणी अडवणार नाही, तोंडी परीक्षेत तेवढा सांभाळायला सांगा.