ग्लायडर स्वतःचं घ्यावं की हिश्श्यात?

प्रश्न: माझी उंची १९३ सेंमी, वजन ९८ किलो. एक जुनं डिस्कस-ए ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) मिळतंय, त्यात बचतीतला ७० टक्के भाग जाईल. दुसरीकडे तिघांच्या एलएस-४ ग्लायडरमध्ये एक हिस्सा रिकामा आहे, त्याला २५ टक्के पुरतात. वर्षभरात ८ किलो वजन उतरवायचं ठरवलंय. दोन्हींची वजनपत्रकं सोबत पाठवतोय. काय करू?

उत्तर: माझा कौल हिश्श्याकडे आहे. कारण बचतीपेक्षाही आधी त्या वजनपत्रकांत सापडतं.

तुम्ही सांगितलेले ९८ किलो घरच्या काट्यावरचे आहेत. त्यात कपडे-बुटांचे ३ आणि पॅराशूटचे साधारण ७ मिळवा, सीटवर १०८ किलो बसतात. डिस्कसच्या पत्रकात सीटची कमाल मर्यादा १०३ आहे, एलएस-४च्या ११०. पंख सोडून बाकी सगळ्याचं, म्हणजे बॉडी, उपकरणं, बॅटरी आणि पायलट यांचं ओझं पंखांच्या मुळाशी येतं, म्हणून त्याला वेगळी मर्यादा असते. जुन्या ग्लायडरच्या बॉडीची दुरुस्ती झाली, रंगाचे थर चढले, नवी यंत्रं बसली की तेवढे किलो पायलटच्या वाट्यातून जातात. मर्यादा ओलांडून उडालात आणि अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. जिवाचा धोका तर त्याच्याही आधी.

८ किलो उतरले तर आनंदच आहे. पण हातात न आलेला बोनस मी कुणाच्याच हिशेबात धरत नाही, तसंच हे. आणि उंची कशी उतरवणार? डिस्कस दोन बॉडींमध्ये निघालं: ए अरुंद, बी ऐसपैस. तुमच्या मापाला 'ए' हे अक्षरच नकार आहे.

मी स्वतः उडवतो आणि या चुकीची किंमत मोजली आहे. पहिलं ग्लायडर घेताना पॅराशूट न बांधता पाच मिनिटं बसून पाहिलं, सगळं ठीक वाटलं. पहिल्याच लांब उड्डाणात उजवा गुडघा पॅनेलखाली टेकून बधिर झाला आणि धक्क्याच्या हवेत डोकं कॅनोपीला, म्हणजे वरच्या पारदर्शक झाकणाला, आपटत राहिलं. दोन मोसमांत तोटा सोसून ते विकलं.

म्हणून एलएस-४ मध्येही पॅराशूट बांधून, कॅनोपी लावून, निदान अर्धा तास बसा. सीटची पाठ काढून बघा, पेडल पूर्ण पुढे सरकवा. नियंत्रणाचा दांडा दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. मांडी आडवी येत असेल तर तिथेच थांबा. पट्टा सोडून पटकन बाहेर पडता येतं का, तेही करून पाहा. मर्यादेपर्यंत तुमच्याकडे फक्त २ किलो उरतात, त्यामुळे पाण्याची बाटलीसुद्धा मोजावी लागेल.

आता पैसा. विमा, वार्षिक तपासणी, हँगर आणि ट्रेलरची जागा हे खर्च तुम्ही १० तास उडा की १००, येतातच. तिघांत ते एक तृतीयांश होतात. शिवाय जुन्या फायबर ग्लायडरच्या वरच्या थराला, जेलकोटला, तडे जातात. तो नव्यानं करायला शेकडो तासांचं काम लागतं. कधी कधी खर्च ग्लायडरच्या किमतीच्या जवळ जातो. ७० टक्के बचत त्यात घातल्यावर हे बिल कुठून भरणार? माझ्या मते सहा महिन्यांच्या घरखर्चाला हात न लावता जे घेता येईल, तेवढंच घ्या.

हिश्श्याचा करार मात्र लेखी हवा. बाहेर पडताना हिस्सा कुणाला आणि कोणत्या दरानं विकायचा, मोठ्या दुरुस्तीसाठी दरमहा किती साठवायचं, चांगल्या हवेच्या रविवारी कुणाचा नंबर, हे आज ठरवा. बाकी दोघांचं वजनही विचारा. हलक्या भागीदाराला किमान सीटवजनासाठी शिशाची वजनं लावावी लागतात, ती तुमच्या उड्डाणाआधी काढली गेली की नाही हे दर वेळी तुम्हालाच तपासावं लागेल.